हाइनरिश ब्यॉल यांच्या कादंबरीतील ती एक खोली : युद्धावरून परतलेला फ्रेड आणि घर सांभाळणारी केटे

ओसरी

जर्मन लेखक हाइनरिश ब्यॉल यांची १९५३ साली प्रसिद्ध झालेली ‘उण्ड झाग्टे काइन आइन्त्सिगेस वोर्ट’ ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती पुण्यात जर्मन शिकत असताना, शेजारी शब्दकोश ठेवून, दिवसाला दोन पाने या गतीने. युद्धानंतरच्या दारिद्र्याची कहाणी, एवढाच तिचा ठसा तेव्हा मनावर उमटला होता. यंदाच्या पावसाळ्यात ती पुन्हा सलग वाचली आणि माझे मत बदलले. युद्धावरून परतलेल्या सैनिकाची कादंबरी अशी तिची ओळख करून दिली जाते आणि ती चुकीची नाही. परंतु सैनिक परतला तेव्हा त्याला परतायला घर उरले होते का, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे, असे मला आता वाटते. ज्यांनी ती जर्मनमधून किंवा इंग्रजीतून वाचली आहे, त्यांनी माझे म्हणणे तपासून पाहावे, म्हणून हा धागा काढत आहे. कथानकाचा शेवटही पुढे येणार आहे, हे आधीच सांगते.

कादंबरीचा काळ अवघ्या दोन-तीन दिवसांचा आहे. १९५२ सालच्या शरद ऋतूतील एका शनिवारी ती सुरू होते आणि सोमवारी संपते. शहराचे नाव कुठेही दिलेले नाही, पण ते ब्यॉल यांचे जन्मगाव कोलोन आहे हे वाचकाला ओळखू येते. फ्रेड बोग्नर एका चर्चच्या कार्यालयात टेलिफोन जोडून देण्याचे काम करतो. काम संपल्यावर तो पगार घेण्यासाठी खिडकीशी जातो, तिथून कादंबरीला सुरुवात होते. पगारातले थोडे पैसे तो स्वतःकडे ठेवतो आणि उरलेले पाकिटात घालून बायकोकडे पोचते करतो. नवरा त्याच शहरात राहत असूनही बायकोला पैसे पाकिटातून का पाठवतो, हा प्रश्न पहिल्या काही पानांतच मनात येतो आणि पुढची सगळी कादंबरी त्या प्रश्नाभोवती फिरते.

केटे आणि त्यांची तीन मुले, म्हणजे क्लेमेन्स, कार्ला आणि सर्वांत धाकटे तान्हे मूल, दुसऱ्याच्या घरातील एका खोलीत राहतात. जुळी मुले युद्धकाळात दगावली आहेत. केटेला पुन्हा दिवस गेले आहेत. त्या एका खोलीत झोपणे, स्वयंपाक, धुणे, मुलांचा अभ्यास आणि आजारपण हे सगळे एकाच चौकटीत उरकावे लागते. भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारच्या जोडप्याच्या रात्री यांच्या कानांवर पडतात आणि यांच्या मुलांचे रडणे त्यांच्या कानांवर. मुलांना इतक्या वेळा गप्प बसवले गेले आहे की ती आता आपणहून आवाज न करता खेळतात. फ्रेडला सर्वांत असह्य होते ते हेच. गोंगाट करणाऱ्या मुलांवर तो चिडला असता तर ते समजण्यासारखे होते. मुले गप्प राहायला शिकली आहेत हे पाहून तो कोलमडतो, आणि तरीही हात उगारतो तो त्यांच्यावरच. आपण मुलांना मारू लागलो आहोत हे लक्षात आल्यावर तो घर सोडतो. ही गोष्ट घडून दोन महिने झाले आहेत. तेव्हापासून तो कधी ओळखीच्यांकडे, कधी मिळेल तिथे झोपतो, शिकवण्या करतो, पितो आणि जुगाराच्या यंत्रांवर पैसे लावतो.

केटेच्या प्रकरणांत घाणीशी चाललेले तिचे युद्ध येते. ती कपाट सरकवते तेव्हा भिंतीचा गिलावा सुटून खाली येतो, चुन्याची धूळ उडते आणि ती पुन्हा फरशी पुसायला घेते. तितक्यात दुसरीकडचा पापुद्रा सुटलेला असतो. बॉम्बने खिळखिळ्या झालेल्या इमारती युद्ध संपून सात वर्षे झाली तरी झडत होत्या, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती ब्यॉल यांनी एका बाईच्या हातातील ओल्या फडक्यातून सांगितली आहे. मला संपूर्ण कादंबरीतील हा सर्वांत प्रभावी भाग वाटतो. इथे रणभूमीचे वर्णन फारसे नाही. फ्रेड युद्धातही टेलिफोनवरच होता, आणि त्याच्या आठवणीतील युद्ध म्हणजे कंटाळा आणि अधिकाऱ्यांची बोलणी. शौर्य नाही, पराभवाची शोकांतिकाही नाही. युद्धाने त्याच्याकडून जे घेतले ते कुठल्या एका लढाईत घेतले नाही, म्हणून त्याला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. केटे मात्र तिच्याकडून काय गेले ते नेमके दाखवू शकते: दोन मुले, आणि दार लावून घेता येईल असे घर.

रचनेविषयी एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. कादंबरीची तेरा प्रकरणे आहेत, आणि ती आळीपाळीने फ्रेड व केटे प्रथमपुरुषी सांगतात. त्या काळातील परतलेल्या सैनिकांच्या अनेक कथांत बायको दाराशी उभी असते; ती वाट पाहत राहिली किंवा राहिली नाही, एवढेच तिच्याबद्दल कळते. इथे केटेला निम्मी कादंबरी मिळाली आहे. फ्रेडला जे दिसत नाही ते तिला दिसते, आणि दोघे एकाच शहरात, एकाच दिवशी, वेगवेगळ्या रस्त्यांनी हिंडत त्याच खाणावळीवजा टपरीत जाऊन पोचतात, जिथली तरुण मुलगी आपल्या बौद्धिक दृष्ट्या दुर्बल भावाला सांभाळत गिऱ्हाइकांना कॉफी देते. ती मुलगी दोघांशीही सारख्याच मायेने वागते.

या दोन-तीन दिवसांतील एक रात्र नवरा-बायको स्टेशनजवळच्या स्वस्त हॉटेलात काढतात. पंधरा वर्षांच्या संसारानंतर त्यांना एकांत हवा असेल तर तो भाड्याने घ्यावा लागतो आणि त्या भाड्यासाठी फ्रेडला उसनवारी करावी लागते. या रात्रीचे संभाषण मी तीन वेळा वाचले. त्यात प्रेम आटलेले कुठेही जाणवत नाही. आणि तरीही केटे त्याला सांगते की अशा रीतीने भेटायला ती यापुढे येणार नाही.

चिंचपान

तुमचे विवेचन आवडले, पण फ्रेडच्या बाबतीत तुम्ही फार उदार आहात असे मला वाटते. खोली लहान आहे हे मान्य. परंतु त्याच खोलीत केटेही राहते आणि ती निघून जात नाही. जाणे हा पर्याय तिला नाहीच. फ्रेडला निश्चित पगाराची नोकरी आहे, शिकवण्या आहेत, आणि झोपायला अधूनमधून एक प्रशस्त घरही मिळते. त्या घराला तेरा खोल्या आहेत, मालक बहुतेक काळ बाहेर असतो आणि कुत्र्यालाही वेगळी खोली आहे. ते वर्णन वाचताना मला फ्रेडपेक्षा केटेचा अधिक विचार आला, कारण हे सारे तो तिलाच ऐकवतो. उरलेले पैसे तो दारूत आणि यंत्रांत घालतो. ज्या मुलांनी मार खाल्ला त्यांच्या दृष्टीने बाप परिस्थितीमुळे मारत होता की स्वभावामुळे, याने काय फरक पडतो? युद्धाने माणसे मोडली हे सत्य आहे, पण मोडलेल्या माणसाच्या वाट्याला सहानुभूती येते आणि त्याच्या हाताखाली मोडणाऱ्या मुलांच्या वाट्याला एक वाक्य, असे अनेक कादंबऱ्यांत होते. ही कादंबरीही त्यातून पूर्णपणे सुटलेली नाही, असे माझे मत आहे.

दूरचा दिवा

मी गेली काही वर्षे कोलोनमध्ये राहतो, त्यामुळे या चर्चेत शहराची बाजू मांडतो. ती समजल्याशिवाय ‘एक खोली’ म्हणजे काय हे नीट लक्षात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर २६२ हवाई हल्ले झाले. ३० मे १९४२ च्या रात्री हजाराहून अधिक विमानांनी एकाच वेळी या शहरावर हल्ला केला. एवढ्या संख्येने विमाने एका शहरावर पाठवण्याची ती पहिलीच वेळ होती. ६ मार्च १९४५ रोजी अमेरिकन सैन्य ऱ्हाइनच्या पश्चिम तीरावरील शहरात शिरले तेव्हा जुन्या शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग उद्ध्वस्त झालेला होता. युद्धापूर्वी साडेसात लाखांहून अधिक वस्ती असलेल्या या शहरात जेमतेम चाळीस हजार माणसे उरली होती. मोठे चर्च, म्हणजे डोम, अनेक बॉम्ब झेलूनही उभे राहिले. त्या काळातील छायाचित्रांत ते ढिगाऱ्यांच्या मैदानात एकटेच दिसते.

शांतता होताच माणसे परतू लागली. गावाकडे पाठवलेली कुटुंबे आली, कैदेतून सुटलेले सैनिक आले आणि पूर्वेकडील प्रांतांतून हाकलले गेलेले लाखो जर्मन पश्चिमेकडे आले. घरे मात्र तेवढीच राहिली. म्हणून १९४६ च्या मार्चमध्ये दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने कायदा क्रमांक १८ काढला आणि राहण्याची जागा वाटून देण्याचा अधिकार स्थानिक गृहकार्यालयांकडे आला. ज्याच्याकडे जास्त खोल्या त्याच्या घरात परके कुटुंब बसवले जाई. फ्राऊ (म्हणजे श्रीमती) फ्रांकेच्या घरात बोग्नर कुटुंब राहते ते अशा काळात. पश्चिम जर्मनीचा पहिला गृहबांधणी कायदा १९५० च्या एप्रिलमध्ये झाला आणि सहा वर्षांत अठरा लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट ठरले. कादंबरी घडते ती नेमकी या सहा वर्षांच्या मध्यात. घरे बांधली जात आहेत, ती कोणाला तरी मिळत आहेत, पण बोग्नर कुटुंबाचा क्रमांक लागत नाही. सगळेच बेघर होते तेव्हाच्या दुःखापेक्षा हे दुःख वेगळे आहे, कारण आता तुमच्या पात्रतेचा निवाडा होतो.

हा निवाडा करणाऱ्यांत फ्राऊ फ्रांके आहे. रोज प्रार्थनेला जाणारी, बिशपच्या अंगठीचे चुंबन घेण्याचा मान मिळालेली, घरवाटपाच्या समितीत जिचा शब्द चालतो अशी बाई. नवरा पितो, घरी राहत नाही, म्हणजे हे कुटुंब योग्य नव्हे, असा तिचा हिशेब आहे. घर नाही म्हणून नवरा घरी राहत नाही आणि नवरा घरी राहत नाही म्हणून घर मिळत नाही. या चक्रातून बाहेर पडायला केटेला वाट नाही.

एक गोष्ट मात्र न्यायासाठी सांगितली पाहिजे. याच कोलोनच्या चर्चची दुसरी बाजूही आहे. १९४६-४७ चा हिवाळा अत्यंत कडक होता. ३१ डिसेंबर १९४६ च्या प्रवचनात कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल फ्रिंग्स यांनी सांगितले की जीव आणि आरोग्य राखण्यासाठी जे आवश्यक आहे, ते कष्टाने किंवा विनंती करून मिळत नसेल, तर गरजवंताला ते घेता येईल. लोकांनी त्याचा अर्थ आगगाडीतून कोळसा उचलण्यास मुभा असा घेतला, आणि तशा उचलण्याला ‘फ्रिंग्झेन’ असा शब्दच इथे रूढ झाला. तो शब्द आजही वयस्कर माणसांच्या तोंडी ऐकू येतो. ब्यॉल स्वतः कॅथलिक घरातले होते आणि १९७६ पर्यंत चर्चचे सभासद राहिले. बिशपच्या मिरवणुकीचे थंड, वैभवशाली चित्र त्यांनी रंगवले, पण त्याच कादंबरीत शेतकऱ्यासारख्या चेहऱ्याचा एक साधा धर्मगुरू केटेची कबुली ऐकतो आणि तिच्यापुढे स्वतःच अवघडून जातो. त्यांचा राग श्रद्धेवर नव्हता, श्रद्धेच्या नावाने चाललेल्या सोयीस्कर व्यवस्थेवर होता, असे मी समजतो.

ओसरी

चिंचपान, तुमच्या आक्षेपाला मी हलकेपणाने उत्तर देणार नाही. मुलांना मारल्याची गोष्ट आपल्याला कळते ती फ्रेडच्याच तोंडून. तो ती लपवत नाही, आणि तिचे खापर खोलीवर फोडून मोकळाही होत नाही. खोलीचे वर्णन करून त्याला माफ करण्याचे काम मी माझ्या लेखात नकळत केले असेल, तर ती चूक माझी. कादंबरीत त्याला माफ करण्याचा किंवा न करण्याचा अधिकार केटेला दिलेला आहे, आणि ती हॉटेलातील रात्रीनंतर ‘यापुढे नाही’ असे सांगते, तेव्हा तो अधिकार वापरते. मुलांच्या वाट्याला एक वाक्य येते असे तुम्ही म्हणालात. माझ्या मते त्यांच्या वाट्याला शांतता येते; त्यांच्या आवाज न करता खेळण्यावर लेखक पुन्हा पुन्हा येतो. परंतु क्लेमेन्सला स्वतःचे प्रकरण असते तर ही कादंबरी वेगळीच झाली असती, हे मला मान्य आहे. ब्यॉल यांनाही ती उणीव जाणवली असावी, असा माझा तर्क आहे; कारण लगेच पुढच्या वर्षी, १९५४ साली, आलेल्या ‘हाउस ओने ह्युटर’ या कादंबरीत त्यांनी युद्धात बाप गमावलेल्या दोन मुलांच्या नजरेला मोठी जागा दिली आहे.

दूरचा दिवा, पात्रतेच्या निवाड्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. त्याने फ्राऊ फ्रांकेचे पात्र मला नव्याने उलगडले. आभार.

शब्दवेल्हाळ

या कादंबरीच्या शीर्षकाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या परंपरेतून आलेल्या एका भक्तिगीतात क्रूसावर खिळल्या गेलेल्या येशूविषयी ‘त्याने एक शब्दही काढला नाही’ अशा अर्थाची ओळ आहे, तिच्यावरून हे शीर्षक घेतले आहे. केटे हे गाणे ऐकते. जर्मन शीर्षकातून ब्यॉल यांनी ‘तो’ हा शब्द वगळला आहे. ‘आणि बोलला नाही एकही शब्द’ की ‘आणि बोलली नाही एकही शब्द’, हे जर्मन क्रियापदावरून कळत नाही. त्यामुळे गाण्यात तो येशू असला तरी मुखपृष्ठावर तो फ्रेड असू शकतो, केटे असू शकते, आणि आवाज न करणारी ती मुलेही वाचकाच्या मनात येऊन जातात. मराठीत मात्र ‘बोलला’ किंवा ‘बोलली’ यांपैकी एक निवडावेच लागते, आणि निवडले की अर्धी कादंबरी हातातून जाते. मी अनेक वर्षे या कादंबरीचा अनुवाद करण्याची इच्छा बाळगून आहे आणि शीर्षकापाशीच थांबलो आहे. १९५४ साली आलेल्या पहिल्या इंग्रजी अनुवादाने तर हे शीर्षक सोडून दुसरेच नाव घेतले होते.

तळटीप

शब्दवेल्हाळ, आपली अडचण मराठी भाषेची नसून ‘बोलणे’ या धातूची आहे. ‘बोलणे’ भूतकाळात कर्तरी प्रयोगात चालते, म्हणून क्रियापद कर्त्याच्या लिंगाला बांधले जाते. ‘उच्चारणे’, ‘काढणे’ ही सकर्मक क्रियापदे घेतली की भूतकाळात कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘त्याने एक शब्दही उच्चारला नाही’, ‘तिने एक शब्दही उच्चारला नाही’. दोन्हीकडे ‘उच्चारला’ हे रूप ‘शब्द’ या पुल्लिंगी नामामुळे येते. आता ‘त्याने’ आणि ‘तिने’ काढून टाकावे. ‘आणि एक शब्दही उच्चारला नाही’ यात कर्ता जर्मन शीर्षकाइतकाच मोकळा राहतो. ‘आणि चकार शब्दही काढला नाही’ असेही म्हणता येईल.

शब्दवेल्हाळ

तळटीप, हे इतके जवळ होते आणि मला सुचले नाही. मनापासून आभार. ‘चकार शब्द’ या प्रयोगात तक्रारीची, विरोधाची छटा आहे, आणि मूळ इंग्रजी गाण्यातील शब्दातही कुरकुरण्याची, पुटपुटण्याची छटा आहेच, त्यामुळे तो गाण्याला अधिक जवळचा आहे. ब्यॉल यांनी मात्र जर्मनमध्ये साधा, बिनरंगाचा शब्द वापरला. त्यामुळे मी ‘आणि एक शब्दही उच्चारला नाही’ याच्या बाजूने आहे.

आणखी एक अडचण विचारार्थ मांडतो. फ्रेड आणि केटे एकमेकांना ‘डू’, म्हणजे एकेरी, संबोधतात. १९५२ सालच्या मराठी घरातील बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणाली असती. अनुवादात तसे केले तर वाचकाला संवाद परिचित वाटतील, पण हॉटेलातील त्या रात्री केटे ज्या बरोबरीने त्याच्याशी बोलते आणि शेवटी नकार देते, ती बरोबरी ‘अहो’मध्ये टिकणार नाही. मी ‘तू’च ठेवणार आहे. काही वाचकांना ते खटकेल, तरीही.

पाणवठा

मी सातारा जिल्ह्यातला आहे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९४४ साली इटलीत जर्मन सैन्याविरुद्ध लढले. त्याच वर्षी जुलै महिन्यात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांनी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकले आहे. आजोबांच्या पेटीविषयी, पदकांविषयी, त्यांनी आणलेल्या लोकरीच्या पांघरुणाविषयी घरात पुष्कळ बोलले जाई. हा धागा वाचताना मला पहिल्यांदाच जाणवले की आजोबा परदेशी होते त्या चार वर्षांत आजी कुठे राहिली, काय खाल्ले, दोन लहान मुले तिने कोणाच्या आधाराने वाढवली, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही. ती गेली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. विचारता आले असते. काल रात्री आत्याला फोन केला. तिला एवढेच ठाऊक आहे की आजीने पहिली दोन वर्षे माहेरी काढली आणि तिसऱ्या वर्षी भावजयीशी बिनसल्याने मुलांना घेऊन परत आली. घर पडीक होते. पावसाळ्यापूर्वी छप्पर तिने स्वतः शाकारून घेतले.

ब्यॉल यांनी निम्मी कादंबरी केटेला दिली, याचे महत्त्व मला त्या फोननंतर कळले. पुस्तक अजून वाचलेले नाही. इंग्रजी प्रत मागवली आहे. ब्यॉल यांच्या स्वतःच्या आयुष्याविषयी कोणी लिहिले तर बरे होईल.

दूरचा दिवा

पाणवठा, थोडक्यात लिहितो. ब्यॉल यांचा जन्म २१ डिसेंबर १९१७ चा. १९३९ पासून युद्ध संपेपर्यंत ते सैन्यात होते, चार वेळा जखमी झाले, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याच्या हाती लागून सप्टेंबरमध्ये सुटले. १९४२ साली त्यांचे आनेमारी चेख यांच्याशी लग्न झाले होते. १९४५ च्या उन्हाळ्यात, युद्ध संपल्यावर, जन्मलेला त्यांचा पहिला मुलगा क्रिस्टोफ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला. कादंबरीतील जुळ्यांचा मृत्यू वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. कोलोनच्या बायेनथाल भागातील एका पडझड झालेल्या घरात त्यांनी संसार मांडला. ब्यॉल लिहीत होते, पण त्यातून मिळकत नव्हती. घर मुख्यतः आनेमारी यांच्या शिक्षिकेच्या पगारावर चालले. पुढे त्या नामवंत अनुवादिका झाल्या. ब्यॉल यांनी काही काळ शहराच्या सांख्यिकी कार्यालयातही काम केले. १९५१ साली त्यांना ‘ग्रुप्पे ४७’ या लेखकगटाचे पारितोषिक मिळाले, आणि या कादंबरीने दोन वर्षांनी त्यांना पहिले मोठे यश दिले. १९७२ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धावरून परतलेला नवरा आपली जागा शोधतो, हे त्यांनी कल्पनेने लिहिले नव्हते.

चिंचपान

या माहितीने माझा आक्षेप नाहीसा झाला असे म्हणणार नाही, पण केटेची प्रकरणे मी आता पुन्हा काढली आहेत. शेवटाविषयी तुमचे मत ऐकायचे आहे, ओसरी. फ्रेड घरी जातो, असे तुम्ही मानता का? आणि या विषयावरचे आणखी काय वाचावे?

ओसरी

आधी वाचनाविषयी. परतलेल्या सैनिकासाठी जर्मनमध्ये ‘हाइमकेरर’ असा शब्द आहे आणि त्याच्याभोवती युद्धानंतर बरेच लेखन झाले. वोल्फगांग बोर्शर्ट यांचे ‘ड्राउसेन फोर देर ट्युअर’ (दाराबाहेर) हे नाटक प्रथम १९४७ च्या फेब्रुवारीत आकाशवाणीवर झाले आणि नोव्हेंबरमध्ये हाम्बुर्गच्या रंगमंचावर आले. प्रयोगाच्या आदल्या दिवशी, सव्विसाव्या वर्षी, बोर्शर्ट वारले होते. त्या नाटकातील परतलेल्या सैनिकाला, बेकमानला, एकही दार उघडत नाही. ब्यॉल यांची ‘देर एंगेल श्वीग’ ही युद्ध संपता संपता उद्ध्वस्त शहरात परतणाऱ्या सैनिकाची कादंबरी त्याहूनही आधी वाचावी, असे मी सुचवेन. ती १९५० च्या सुमाराची आहे. प्रकाशकाने तेव्हा ती छापली नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९९२ साली, ती वाचकांपर्यंत पोचली. लोकांना आता ढिगाऱ्यांविषयी वाचायचे नाही, असे त्या काळी सर्रास म्हटले जात होते. ब्यॉल यांनी १९५२ साली एक निबंध लिहून ‘ढिगाऱ्यांचे साहित्य’ हे हिणवून दिलेले नाव उघडपणे स्वीकारले. आम्ही जे पाहिले ते लिहिले, आणि पाहणारा डोळा हे लेखकाचे हत्यार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आता शेवटाविषयी. सोमवारी फ्रेड कामावर असताना शहरात कुठेतरी जायला निघतो. रस्त्यात त्याला एक बाई दिसते. तिची चाल, तिचा चेहरा पाहून त्याचे मन हेलावते, आणि तो तिच्या मागोमाग चालू लागतो. ती आपली बायको आहे हे त्याच्या ध्यानात यायला काही क्षण जातात. ज्या बाईजवळ त्याने पंधरा वर्षे काढली, नुकताच हॉटेलात जिच्या शेजारी तो झोपला होता, तिला तो परक्यासारखा पाहतो आणि दुकानांसमोरून जाताना तिला हाक मारत नाही. केटेला हे कधीच कळत नाही. यानंतर तिचे प्रकरण येत नाही. कचेरीत परतल्यावर त्याचा चेहरा पाहून वरिष्ठ त्याला घरी जायला सांगतात आणि तो ‘होय, घरी’ असे उत्तर देतो.

पहिल्या वाचनात मी याला सुखान्त समजले होते. आता तसे वाटत नाही, आणि दुःखान्तही वाटत नाही. तो गेलाच तर जाईल त्याच खोलीत. मुले गप्प असतील, गिलावा झडत असेल, आणि फ्राऊ फ्रांकेची समिती आपल्या जागी असेल. चिंचपान, तुमच्या आक्षेपामुळे मला एक गोष्ट नव्याने दिसली. रस्त्यातील त्या प्रसंगात फ्रेडने केटेला हाक मारली असती, तर तिला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणता आले असते. परत जाण्याचा निर्णय त्याने तिला न विचारता घेतला आहे, तिला अजून त्याची बातमीही नाही, आणि दार उघडायचे की नाही हे तिने अजून ठरवायचे आहे.

चिंचपान

असे असेल तर चौदावे प्रकरण केटेचे असते. मी ते वाचले असते.

शब्दवेल्हाळ

पहिल्या प्रकरणाच्या अनुवादाला काल रात्री हात घातला. पगाराच्या खिडकीपासून पाकीट बंद करण्यापर्यंत आलो आहे. पूर्ण झाले की याच धाग्यात ठेवेन. तळटीप आणि दूरचा दिवा यांनी कृपया तपासावे.